ओटी भरलेलं पाणी

१९ मार्च १९७३, सोमवार

पाणी गेलं!

आमची पाच जणांची टोळी कुंडलहून इथं गावची विहीर खोल करायला आलीय. शेवटचा सुरुंग लावायचा म्हणून काल ती उपसली. आज उडवला. धूर निवळल्यावर आमचा लियाकत दोरानं खाली उतरला. मग म्हणाला, "हवालदार, तुमीच या." उतरून बघतो तर तळाच्या कातळाला हात जाईल एवढी चीर. बाजूचे उमाळे झरतायत, पण थेंब साठत नाही. सगळं त्या चिरीत. कान लावला. खाली लांब कुठंतरी पाणी चाललंय — मोरीतून जातं तसं.

कंबरभर लागलं होतं. या दुष्काळात अख्ख्या वाडीला प्यायला पुरलं असतं. बायकांनी परवाच पाण्याची ओटी भरली — खण, नारळ, हळदकुंकू. सरपंच लालासाहेब म्हणाले, "आता बास करा, लय झालं." आमच्यातला केरबातात्या म्हणाला, "ओटी भरल्याली हाय. आता सुरुंग लावू ने, गड्या." मी हसलो! म्हटलं, पुरुषभर करून देतो. पलटणीत पूल उडवले ना मी! मोठा शहाणा!

२० मार्च

चिरीत सिमेंट ओतलं. वर चिकणमाती, पोती, दगड. सिद्धू आणि नाथाजी, दोघे भाऊ, दिवसभर पाट्या वाहत होते. संध्याकाळी घोट्यापर्यंत पाणी साठलं. लियाकत ओरडला, "थांबलं!" आम्ही लहान पोरांसारखे नाचलो.

२१ मार्च

सिमेंट वाहून गेलं. आता उमाळेही आटले.

लालासाहेबांनी चावडीपुढं सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी लावला सुरुंग?" माझी माणसं खाली मान घालून उभी. मी म्हणालो, "हुकूम माझा. यांचा काही दोष नाही." पलटणीत असं म्हटलं की छाती फुगायची. आज मीही त्यांच्यासारखी मान खाली घातली.

रोज आम्हाला भाकरी देणारी म्हातारी अंबूबाई रिकामी घागर घेऊन काठावर बसली होती. मला बघून म्हणाली, "जेवलास का, लेकरा?" चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ मार्च

सिद्धू-नाथाजी पळाले. पहाटेच्या एस.टी.नं दहिवडीला, तिथून कुंडलला जातील. आमच्याच गावची पोरं, आमच्याच भावकीतली! कुंडलला आता काय काय सांगतील कोण जाणे. उरलो तिघे. केरबातात्या म्हणाला, "मी हाय की रं." त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही.

आता सुरुंग नाही. पहारीनंच चिरीच्या मागं मागं जायचं. कुठंतरी सापडेलच.

२५ मार्च

लियाकतशी भांडण. हातांची सालटं गेलीत त्याच्या. म्हणाला, "तुमी सांगितलं, आमी भोकं पाडली. आमचं काय चुकलं?" काही नाही, बाबा. काही चुकलं नाही. तोंडानं मात्र मी म्हणालो, "मग जा ना तूही!" गेला नाही. पाठ फिरवून पहार मारत राहिला. मी माफी मागायला हवी होती.

२७ मार्च

सरकारी टँकर यायचा होता. आलाच नाही.

२८ मार्च

दोन घरं कुलूप लावून गेली. म्हशी सोडून दिल्या. अंबूबाई पलीकडच्या गावच्या झऱ्यावर गेली आणि येताना उन्हात पडली. घागर फुटली. तिला उचलून आणताना वाटलं, आपण मेलेलं बरं. पण मरतानाही तोंडात दोन थेंब घालावे लागतात. ते तरी कुठून आणणार?

माणसांना धीर कसा द्यायचा ते आता मला कळत नाही. सकाळी उठून "चला" म्हणतो. तेही उठतात. कशासाठी, कुणी विचारत नाही.

३० मार्च

पाणी आलं!!

ओढ्याच्या अंगाला खाली बौद्धवाडा आहे. गाव अजून जुन्याच नावानं हाक मारतं. तिथली मनुबाई धावत आली — "आवं हवालदार, आमच्या हिरीत पानी चढतंय!" दिवाळीपासून कोरडी होती ती विहीर. आम्ही तिघे सुटलो! वाकून बघतो तर काळंशार, हलणारं पाणी. आपलंच! चिरीतून गेलेलं इथं निघालंय. लियाकत कपड्यांसकट आत. मी रडलो. लाज कसली!

मग मागं बघितलं. सगळं गाव उताराच्या वर येऊन थांबलं होतं. घागरी कमरेवर, पण एक पाऊल कुणी खाली टाकेना. मनुबाई म्हणाली, "या की. आमी न्हाई म्हनलोय व्हय?" कुणी हललं नाही.

लालासाहेब हळूच माझ्याजवळ आले. "ते पानी वर आनायची काय युक्ती हाय का?"

माझं डोकंच फिरलं. "युक्ती कसली? चार पावलं उतरा आणि भरा! पोरं मरतायत तुमची!" अडाणी, दगड, काय काय म्हणालो त्यांना. वरच्या विहिरीवर हीच मनुबाई लांब उभी राहायची, कुणीतरी ओतेल म्हणून ताटकळत. म्हणून म्हटलं, "आता तुमची पाळी!" अंबूबाई उसनी आणलेली घागर रिकामीच घेऊन परत गेली. तीसुद्धा!

मनुबाईनं आमच्या खोपटात एक घागर भरून आणून ठेवली. "प्या. तुमीच आनलंय."

३१ मार्च

लियाकत काल पोटभर प्यायला. केरबातात्या सकाळी वळकटी बांधून, त्या घागरीला न शिवता, कोरड्या तोंडानं निघून गेला. मी त्यालाही नाही नाही ते बोललो. आता दुपार झाली. घसा सुकलाय. घागर हाताच्या अंतरावर आहे. कालपासून मी एक घोट घेतलेला नाही.