कानाने दाबलेलं घड्याळ

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं की लगेच उत्तर लिही, कारण मी आमच्या विज्ञानाच्या सरांवर भयंकर चिडले आहे. काल त्यांनी फळ्यावर लिहिलं की प्रकाशाचा वेग जास्त असतो, ध्वनीचा कमी असतो, आणि उतरवून घ्या म्हणाले. मी विचारलं, किती जास्त, आणि ते आपल्याला कळतं कसं. तर म्हणाले, पळणाऱ्यांनी पळावं, परीक्षेला एवढंच येतं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. वर दोन आठवड्यांनी सातवीच्या मुलांना हाच धडा समजावून सांगायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. मला तो असा सांगायचाय की सरांनी मागच्या बाकावर बसून गुपचूप ऐकावं.

आता चांगली बातमी. क्रीडा वसतिगृहासाठी माझी निवड झाली. प्रत्येक शाळेने आपल्या सगळ्यात वेगवान मुलीची शंभर मीटरची वेळ कळवायची होती आणि त्यातून पाच जणी घेतल्या. मी पाचवी. माझी वेळ तेरा पूर्णांक आठ दशांश सेकंद, सहावीची तेरा पूर्णांक नऊ दशांश. अगदी थोडक्यात वाचले. बाबा आमच्या शाळेत खेळाचे सर असल्यामुळे वेळ त्यांनीच घेतली होती, आणि तेव्हापासून ते व्हरांड्यातून असे चालतात की शिपाईसुद्धा स्टूल सोडून उभा राहतो. वसतिगृहात धावायचा खरा ट्रॅक आहे. आमच्या मैदानासारख्या तिथे शिक्षकांच्या गाड्या लावत नाहीत. आई आत्तापासून टॉवेलांवर लाल दोऱ्याने माझा नंबर शिवत बसली आहे.

फोन करू नकोस. झोप बिघडते म्हणून बाबांनी माझा फोन कपाटात ठेवलाय, आणि त्यांच्या फोनवर तू आलीस की पाच मिनिटांत तुमचं भांडण जुंपतं.

जेवढा लोभ आहे तेवढा पुरेल, पण वाढवलास तर माझी हरकत नाही.
तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्या निवडीची बातमी मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. आणि तुझ्या सरांचा मलाही राग आला. मुलीने प्रश्न विचारल्यावर ज्याला तिची थट्टा सुचते त्याने दुसरा धंदा बघावा. हे त्यांना दाखवू नकोस.

सातवीच्या पोरांना आकडा आधी सांगायचा नाही. आकडा ऐकला की मुलं वही उघडतात आणि डोकं मिटून घेतात. आमच्या शाळेच्या मागे, मैदानापलीकडच्या गच्चीवर एक बाई दर शनिवारी गालिचा झोडपते. मी वर्गाला खिडकीशी उभं करते. काठी गालिच्यावर बसलेली दिसते, आवाज मात्र काठी पुन्हा वर जायला लागल्यावर येतो. एकाने मला ठामपणे सांगितलं की बाई काठी उचलते तेव्हा आवाज होतो. मी त्याला चूक म्हटलं नाही, त्या इमारतीकडे चालत पाठवलं. तो जसजसा जवळ गेला तसतसे काठी आणि आवाज एकमेकांना चिकटत गेले.

फटका एकच असतो, त्याची बातमी आणणारे दोघं असतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मैदानापुरतं बोलायचं तर त्याला वेळ लागतच नाही. आवाजाला हवेतून धक्के देत यावं लागतं. हवेचा एक थर दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, आणि असं करत तो सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर येतो. हे तू दोन लाकडी फळ्या घेऊन करून दाखव. एका पोराला मैदानाच्या टोकाला उभं कर आणि फळ्या आपटायला लाव, बाकीचे बघतील आणि ऐकतील.

तुला तर उदाहरण शोधायलाच नको. शर्यतीचं पिस्तूल तुझ्या कानाशी उडतं आणि वेळ घेणारा शंभर मीटरवर, शेवटच्या रेषेपाशी असतो. धूर त्याला त्याच क्षणी दिसतो. आवाज जवळजवळ तीन दशांश सेकंदांनी पोचतो. म्हणून घड्याळ धूर बघून दाबायचं. आवाजावर दाबलं तर पळणारीला तेवढा वेळ फुकटात मिळतो. बाबांना विचार, ते झकास समजावतील.

तिकडे सगळ्यांना माझा नमस्कार आणि सरांना टोमणा. लोभ आहेच, तो तू न मागताही मिळतो.
तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. (हे सवयीने लिहिलं. आशीर्वाद द्यावेत असं तू काही केलेलं नाहीस.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवताना पोरीने मला सहज विचारलं की घड्याळ दाबताना मी कशाकडे बघतो. मी सहज सांगितलं. माझे डोळे पळणारीच्या गुडघ्यांवर असतात आणि कान पिस्तुलावर. नोकरीला लागल्यापासून मी असंच दाबत आलोय. तिने चमचा खाली ठेवला आणि उठून गेली. पुढच्या आठवड्यात सातवीला तिने धडा असा शिकवला की तिच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाली की तिची खरी वेळ चौदा पूर्णांक एक दशांश आहे आणि ती पाचवी नाही.

मला एक सांग, तुला दुसरं उदाहरण सापडलं नाही? तिच्या पत्रात दोन्ही आकडे होते. वजाबाकी येत नाही असं निदान विज्ञानाच्या बाईने सांगू नये. पाळणाघरातल्या मुलाच्या हातात कात्री द्यावी तसं तू ते तिच्या हातात दिलंस आणि वर लिहिलंस की बाबा झकास समजावतील.

माझं म्हणणं ऐक. सगळ्या शाळांतले मास्तर कानानेच दाबतात. सगळ्यांची घड्याळं सारखीच चुकत असतील तर अन्याय नेमका कोणावर झाला? पोरगी तीन वर्षं पहाटे उठते आहे. अंधारात तिच्याबरोबर मी उभा राहिलो आहे, तू नाहीस. तेव्हा ताबडतोब तिला पत्र लिही, की ते उदाहरण पुस्तकी होतं आणि प्रत्यक्षात असा फरक पडत नाही. तुझं ती ऐकते. माझं ऐकायचं तिने बंद केलंय.

एवढं केलंस तर लोभ राहील.
तुझा,
दादा


२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तसलं पत्र मी लिहिणार नाही. ज्या मुलीने किती आणि कसं हे विचारलं म्हणून मला तिचा अभिमान वाटला, तिलाच मी लिहू की फरक पडत नाही? उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?

वजाबाकी मी केली नव्हती. तिची निवड झाली म्हणून हुरळले होते, आणि पिस्तुलाचं उदाहरण तिला आवडेल एवढंच डोक्यात होतं. मुख्य म्हणजे तू धूर बघूनच दाबत असशील असं मी धरून चालले. एवढी वर्षं हातात घड्याळ घेऊन मिरवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. वजाबाकी केली असती तर ते उदाहरण लिहिलं असतं की गिळून टाकलं असतं, ते मला सांगता येत नाही, आणि त्याचा मला तुझ्याहून जास्त संताप येतोय.

सगळेच कानाने दाबतात म्हणतोस, मग त्या सहाव्या मुलीच्या शाळेत फोन कर आणि विचार. त्यांनीही आवाजावर दाबलं असेल तर तुझी मुलगी पाचवी आहे, आणि मी स्वतः येऊन तुझी माफी मागेन. तू फोन करत नाहीस कारण तुला उत्तराची भीती वाटते. लहानपणी सोंगट्या हरायला लागलास की पट उधळायचास आणि मांजर आली म्हणायचास. या वेळची मांजर मी दिसते.

त्या मुलीलाही कोणीतरी पहाटे उठवत असेल, तेवढं डोक्यात असू दे. वहिनीला नमस्कार.
लोभाला तू अट घातलीस, मी घालत नाही.
तुझी,
धाकटी


८ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं समाधान झालं असेल. फोन मी नाही, तुझ्या भाचीने केला. माझ्याच फोनवरून, मी अंघोळीला गेलो असताना. त्या शाळेच्या खेळाच्या बाईंना एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्या पहिल्यापासून धुराकडेच बघतात. हे ऐकल्यावर कार्टीने त्यांना सगळं सांगून टाकलं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तोवर माझी अब्रू दुसऱ्या शाळेत पोचली होती.

मी वसतिगृहाच्या मुख्य बाईंना भेटलो. खरं सांगतो, त्यांनी एकदा लागलेली यादी बदलत नाही म्हणावं याच आशेने गेलो, आणि त्यांनी तेच म्हटलं. मी उड्या मारत घरी आलो. पोरगी दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे मैदानावर येते, बुटांच्या नाड्या बांधते आणि सुरुवातीच्या रेषेवर बसून राहते. मी ओरडलो, समजावलं, एकदा हात धरून उभी केली. हात सोडल्यावर पुन्हा खाली बसली. आठवडा झाला, ती पळालेली नाही. तुझी वहिनी माझ्याशी फक्त भाजी वाढण्यापुरतं बोलते.

पोरीचं म्हणणं एकच. दोघींना एका रेषेवर उभं करा, एकच पिस्तूल उडवा, कोणी घड्याळ दाबू नका, जी पुढे येईल तिची जागा. मुख्य बाईंनी कपाळाला हात लावला, पण दोन्ही शाळा तयार असतील तर चालेल म्हणाल्या. मी सही केली. सही केली म्हणजे पटलं असं समजू नकोस. शर्यत येत्या शनिवारी आहे, तू येऊ नकोस. मला तिथे तुझं तोंड बघवणार नाही.

लोभाचं काय करायचं ते शनिवारनंतर कळेल.
दादा


१६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हरले. हातभर अंतराने.

साठ मीटरपर्यंत मी पुढे होते. तेवढ्या वेळात मला वाटलं की आता सगळंच मिळणार, खरंही आणि जागाही. मग डाव्या बाजूला तिचा श्वास ऐकू आला. त्यानंतर मी होतं नव्हतं तेवढं लावलं आणि ती तरीही पुढे गेली. ती रेषेपलीकडे जाऊन रडायला लागली. तिची आई माझ्या गालावरून हात फिरवायला आली तेव्हा मी मान वळवली. उद्धट म्हण हवं तर.

मला बाबांचा राग येतो, कारण त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की मला काय हवंय, नुसतं काय विसरायचं ते सांगितलं. घरी येताना गाडीत ते म्हणाले की पुढच्या वर्षापासून धूर बघतील. मी म्हटलं, बघा.

आणि तुझाही राग येतो. तुझ्या पत्रात सगळं किती छान वाटतं, गालिचा आणि काठी आणि बातमी आणणारे दोघं. खरं कळलं की पुढे काय करायचं, ते त्यात कुठेच नव्हतं. ते मी एकटीने केलं. लोक म्हणतात खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मला वाटलेलं नाही. मला ती जागा हवी होती. अजूनही हवी आहे.

काल प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी प्रामाणिकपणावर भाषण केलं आणि मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. विज्ञानाचे सर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते. मी तीन वर्षं पहाटे उठले ती पळण्यासाठी, प्रामाणिक होण्यासाठी नाही. हे कोणाच्याच लक्षात येत नाही, तुझ्या तरी यावं.

तू उत्तर लिहिशीलच. त्यात शाबास हा शब्द दिसला तर पत्र पुढे न वाचता फाडून टाकीन.

लोभ असू दे. कौतुक नको.
तुझी,
भिंगरी