हॉलमधला समुद्र

१४ डिसेंबर २०२४
अम्मीला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांवर टिकवायची, म्हणाले. कडेचं तिला आत्ताच दिसत नाही. रिक्षात ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, निजाम, दिसतंय तवर एकदा समुद्र बघायचाय रं. अब्बांनी लग्नात कबूल केलं होतं म्हणे. मग दुकान, मग आम्ही पोरं, मग अब्बाच गेले.

फिरदोस लगेच म्हणाली, आवं, रत्नागिरी काय लांब हाय व्हय, सकाळी एसटीत बसलं की दुपारी समुद्र. बायकोला सगळंच सोपं वाटतं. अम्मीचे गुडघे, आंबा घाट, ऊन. आणि ऐन लगीनसराईत गादी कारखाना बंद ठेवायचा? अब्बांनी कधी ठेवला नाही, मीही ठेवणार नाही.

ठराव: अम्मीने समुद्राकडे जायचं नाही. समुद्राने अम्मीकडे यायचं. ईदच्या आत. आमच्या हॉलमध्ये.

१८ डिसेंबर
विश्रामबागेत वीरधवलच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. त्याला सांगितलं, खारं पाणी, खरे प्रवाळ, खरे समुद्रातले मासे. तो म्हणाला, चाचा, आधी वर्षभर गोड्या पाण्याची टाकी ठेवा, हात बसू दे. मी म्हणालो, सांगलीकराला गोड्या पाण्याचं कौतुक सांगू नको, महापुरात ते दारात येतं.

चार फुटी टाकी घेतली. खाली एक छोटी टाकी, तिच्यात फिल्टर. शिवाय पाण्यातली घाण फेसावर काढणारं मशीन, निळा लाईट, लाटा करणारा पंखा. वीरधवल कशाकशाला नको म्हणत होता. दुकानदार असून नको म्हणतो, धंदा कसा करणार हा पोरगा.

२२ डिसेंबर
टाकी बसवली. हॉलमध्ये खिडकीच्या बाजूची भिंत सोडून कुठेच मावेना. तिथे अम्मीचा दिवाण होता. तो आत पॅसेजमध्ये हलवला. फिरदोस म्हणाली, अम्मीचा उजेड काढून घेतलात. मी म्हणालो, हे अम्मीसाठीच चाललंय. तिने नाक मुरडलं. मोठ्या कामात घरचेच आडवे येतात.

५ जानेवारी २०२५
आरओचं पाणी भरलं, समुद्राचं पाकिटातलं मीठ घातलं. स्वयंपाकाचं मीठ का चालत नाही, असं फिरदोसने विचारलं. तिला पंधरा-वीस मिनिटं क्षार समजावले. शेवटी म्हणाली, म्हंजी महागाचं मीठ, एवढंच की.

दगड घातले. साधे नव्हेत, सजीव दगड. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते पाणी तयार करतात. तोपर्यंत मासे घालायचे नाहीत.

फिरदोसचा भाऊ अश्फाक उंब्रजहून आला होता. त्याच्याकडे तिथे दुकानात गोड्या पाण्याची टाकी आहे, एक टकल्या मासा आहे तिच्यात, त्याच्यावर लय उड्या मारतो. आमच्या टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग विचारलं, दुल्हाभाई, मासं कुठं हायत? दगडाला लाईट लावलाय व्हय?

अडाणी आहे. चहा देऊन वाटेला लावला.

११ जानेवारी
आज महत्त्वाचा निर्णय. फिल्टरमध्ये पांढरा गोळा घालतात, पाण्यातला गाळ अडवायला. वीरधवलने पाकीट दिलेलं. उघडून बघितलं तर प्लास्टिकचा धागा! मी निजाम नदाफ, आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजला, अर्ध्या माधवनगरच्या पाठी आमच्या गाद्यांवर टेकलेल्या, आणि माझ्या टाकीत प्लास्टिक?

दुकानातला एक नंबर कापूस आणला. स्वतः पिंजला. ढगासारखा फुलला. दाबून भरला. पाणी काचेसारखं.

वीरधवलला फोनवर सांगितलं तर ओरडलाच. चाचा, कापूस घालू नका, पाण्यात कुजतो. मी विचारलं, तू कधी गादी भरलीस काय रे? नाही म्हणाला. मग विषय संपला. कापसातलं मला कुणी शिकवू नये. आणि समुद्रातलंही. सगळे व्हिडिओ बघून झालेत माझे.

९ फेब्रुवारी
आज मासे आले! नारिंगी, पांढऱ्या पट्ट्याचे दोन. शिवाय हिरवा प्रवाळ, गुच्छासारखा. अम्मीला खुर्ची घातली, पुढे बसवलं. काचेला नाक लावून बघत होती. नारंगी दिसतंय, म्हणाली, हलतंय. फिरदोसने खुर्ची आणखी जवळ सरकवली.

मग अम्मीने विचारलं, आन्‌ पलीकडचा काठ कसा काय दिसतोय रं? तुझे अब्बा म्हणायचे, समुद्राला पलीकडचा काठ नसतो. काठ दिसला की ती विहीर.

ह्यावर उपाय आहे. मागच्या काचेला निळा कागद लावतो.

१० फेब्रुवारी
निळा कागद लावला. अम्मी म्हणाली, लाटा कुठं हायत? लाटांचा पंखा फुल्ल केला. प्रवाळ उपटून पडला, वाळू उडाली, हॉलभर पाणी. फिरदोसने फडकं माझ्या हातात दिलं, स्वतः पुसलं नाही.

तरी पण लाट झाली. हे कुणी म्हणत नाही.

२५ फेब्रुवारी
दगडांवर तपकिरी लेप आलाय. हे चांगलं लक्षण. निसर्ग रुजतोय. प्रवाळ मिटून बसलाय, विश्रांती घेत असणार. एक मासा दिसत नाही. दगडामागे लपलाय.

फिरदोस म्हणते, मेला. बायकांना घाई फार.

९ मार्च
रमजान. ऊन तापायला लागलं. प्रवाळाला गारवा लागतो. थंड करायचं मशीन वीरधवल घ्या म्हणत होता, आता मी त्याच्या नादाला लागत नाही. माठ कसा गार राहतो? ओलं पोतं. टाकीला तीन बाजूंनी ओली पोती गुंडाळली. पुढून टेबल फॅन.

फॅनने पाणी उडून जातं, रोज कमी होतं. तेवढं खारं पाणी वरून घालतो. मीठ कमी पडायला नको.

इफ्तारला बसलो तेव्हा फिरदोसने विचारलं, हॉलमध्ये कसला वास येतोय? भज्यांचा असेल म्हणालो. तिने आज भजी केली नव्हती.

२२ मार्च
ईद जवळ आली. पाणी जरा दुधाळ आहे. कापूस बदलला नाही, कापूस जितका मुरतो तितका बसतो, गादीचंही तसंच असतं. दुसरा मासासुद्धा लपायला शिकला.

अम्मी पॅसेजमधून रोज विचारते, झाला का रं तुझा समुद्र? मी म्हणतो, झालाच.

फिरदोस आज स्पष्ट म्हणाली, आवं, त्या पिंजलेल्या कापसावर एवढा जीव, आणि आईला एक दिवस देता येईना. काही बोलण्यांना उत्तर देऊन आपण खाली यायचं नसतं.

३१ मार्च. ईद
सकाळी नमाजहून आल्यावर अम्मीला नवी साडी, हात धरून टाकीपुढे. शीरखुर्म्याची वाटी हातात. पाहुणे बसलेले. लाईट लावला.

अम्मी बराच वेळ बघत राहिली. डोळे बारीक केले, मोठे केले. मग हळू आवाजात मला विचारलं, निजाम, माजी नजर आनखी गेली व्हय रं? मला नुसतं पांढरं दिसतंय.

पाहुणे होते. अश्फाक होता, दात काढायला टपलेला. मी म्हणालो, थेंब वेळेवर घालत जा अम्मी.

तिने वाटी खाली ठेवली. शीरखुर्मा तसाच राहिला.

फिरदोस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं असावं.

१ एप्रिल
ऐकलं होतं.

काल पाहुणे गेल्यावर ती अम्मीजवळ जाऊन बसली. म्हणाली, अम्मी, तुमचे डोळे हायत तसे हायत. पाणी नासलंय. मला पण पांढरंच दिसतंय, ह्यांना पण पांढरंच दिसतंय. अम्मीने तिचा हात धरला आणि रडली. मिरजेच्या त्या रिक्षात रडली नव्हती, ती आत्ता रडली. मी हॉलमध्ये होतो. फॅनची दिशा बदलत होतो.

मग फिरदोस माझ्याकडे आली. ओरडली नाही. म्हणाली, पाण्याची चूक आईच्या डोळ्यांवर ढकललीत. एवढंच. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी खोटं बोललो नाही. थेंब वेळेवर घालावेतच. डॉक्टरच म्हणालेत.

दुपारी फिल्टर उघडला. कापसाचा काळा चिखल झालाय. पंपात कापूस, पाइपात कापूस, फेसाच्या मशीनमध्ये कापूस. वासाने शेजारचे दार लावून बसले. हल्ली कापसात भेसळ फार. व्यापाऱ्याला जाब विचारणार.

दोन्ही मासे सापडले. लपले नव्हते.

३ एप्रिल
फिरदोसने अश्फाकला फोन करून रत्नागिरीचं ठरवलं. परवा निघायचं, तिघांनी. मला विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, अम्मीचे गुडघे? अम्मीच आतून म्हणाली, गुडघं माजं हायत, मी बघीन. मी म्हणालो, घाट? ऊन? अम्मी पिशवीत साडी भरत होती. या घरात तिला इतकी घाई करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं येणं शक्यच नाही. टाकीचं पाणी बदलायचंय. कुणीतरी जबाबदार माणूस घरी पाहिजे.

५ एप्रिल
गेले. घर मोकळं. आता कुणाची कटकट नाही. दुकान बंद ठेवलं, टाकीसाठी. हे अब्बांनाही पटलं असतं.

पोती काढली. बादल्या उपसल्या. क्षार मोजायच्या नळीने पाणी मोजलं. पाणी खऱ्या समुद्रापेक्षा जास्त खारं निघालं. म्हणजे एका बाबतीत मी समुद्राच्या पुढे आहे.

चारच्या सुमारास फिरदोसचा व्हिडिओ कॉल आला. हात बादलीत होते, उचलला नाही. पुन्हा आला. तेव्हा हात मोकळे होते, तरी उचलला नाही.

नंतर फोटो आला. अम्मी पाण्यात उभी, साडी घोट्यावर धरलेली, एका हाताने फिरदोसला धरलंय. तोंड उघडं आहे. हसतेय की ओरडतेय कळत नाही. फोटो हलला आहे. अश्फाकला फोटो काढता येत नाही. मोठा करून बघितला. मागे कुठेही काठ नाही.

७ एप्रिल
परत आले. अम्मी उन्हाने काळी पडली आहे आणि बोलायची थांबत नाही. लाट पाय ओढते म्हणे, खालची वाळू पळवते. म्हणाली, मला कडंचं दिसत न्हाई, तरी त्यो एवढ्याशा नजरंत मावला न्हाई रं. पुन्हा पुन्हा हेच.

मला बाटली दिली. समुद्राचं पाणी, स्वतः वाकून भरलेलं. म्हणाली, तुज्या टाकीत घाल, इरजान लागल. मी समजावलं की हे काही दही नाही, एका बाटलीने काही होत नसतं, शिवाय किनाऱ्याचं पाणी अशुद्ध असतं. ती म्हणाली, घाल तर खरं.

बाटली खिडकीत ठेवली. उन्हात आरपार दिसते. वास येत नाही.

अम्मीचा दिवाण पॅसेजमधून परत खिडकीशी आणला. टाकी रिकामी असल्यामुळे हलली. तात्पुरतं आहे हे. अश्फाक हात लावायला आला होता, त्याला दुसरी बाजू धरू दिली.

संध्याकाळी अम्मी दिवाणावर पाय लांब करून बसली. मी तिचे थेंब घालत होतो. डोळे मिटूनच तिने विचारलं, निजाम, तू कवा बघितलास रं समुद्र?

मी म्हणालो, किती व्हिडिओ बघितलेत त्याला गणती नाही.

अम्मीने माझा हात धरून ठेवला. मग फिरदोसला हाक मारून म्हणाली, पुढच्या टायमाला ह्याला पन नेऊ. दुकानात कोंडून लेकरू म्हातारं झालं. खिडकीकडंला बसवू, घाटात गाडी लागती त्याला.

मी येईन म्हणालोय. पण फक्त पाण्याचं सॅम्पल घ्यायला.