दुसरी ओळ निवड

दादा,

तुला उठवलं नाही. काल तू बाबांचा कॉम्प्युटर अपग्रेड केलास, तेव्हापासून तो धड सुरूच होत नाहीये. गोल फिरत राहतं, पडदा काळा होतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वाचा गेल्यापासून बाबा त्यावर टाइप करूनच बोलतात. आज सकाळपासून चमच्याने पेला बडवून हाका मारतायत. तुला झोप कशी लागते कोण जाणे.

खटपट करून मी मार्ग काढलाय. बटण दाबलं की लगेच शिफ्ट दाबून धर, म्हणजे यादी येईल. पहिली ओळ तुझ्या नव्याची, तिच्या नादी लागू नकोस. दुसरी जुन्याची, ती निवड. मध्येच बंद पडला तर पुन्हा हेच.

पाणी चमच्यानेच पाज, त्यांना ठसका लागतो.

मी छापखान्यात जाऊन येते. नोकरीला नाही म्हणायचंय आणि ते फोनवर म्हणवत नाही. तू बाबांना घेऊन जाणार, म्हणून मी हो म्हटलं होतं. काल जेवताना तू एकाच तिकिटाचं बोललास, तेव्हा काय ते समजलं. भांडत नाहीये. बाबांना यातलं काही सांगू नकोस. दुपारपर्यंत येतेच. जाणार कुठे?

चिंगी

ता. क. पासवर्ड राहिलाच. बाबांनी ठेवलाय तो: तुझं नाव, सगळं लहान अक्षरांत. रोज सकाळी ते मी टाइप करते, तेव्हा कुठे बाबा बोलायला लागतात.