वेशीवरची दहा मिनिटं

१६ मार्च २०२०
केरळ रद्द. भरलेली बॅग रिकामी केली. मी आणि शेजारची झुबेदा दर वर्षी कुठेतरी जातो. अकरा वर्षांत हे पहिलंच वर्ष घरी. झु. सकाळी मांडव्याच्या लाँचने मुंबईला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. जाताना दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून, "ह्यांच्याकडे लक्ष ठेव गो, कुसुम. गोळ्या चुकवतात." ठेवते म्हटलं.

२ एप्रिल
गाव बंद. वेशीवर बांबू आडवा टाकलाय. सरपंच येऊन गेले. "नर्सबाई, ताप बघायचं तुम्हीच करा. तुमचं लोक ऐकतात." रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. हो म्हटलं. खुर्ची, छत्री, वही, ताप मोजायची बंदूक. नियम मीच लिहून दिला: ताप नसेल तर घरी, चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. ताप असेल तर तालुक्याच्या केंद्रात, रिपोर्ट येईपर्यंत.

२० एप्रिल
झु.च्या नवऱ्याचं, इब्राहिमभाईंचं, बी.पी. ठीक. झु.ला नात झाली. त्यांनी फोन स्पीकरवर लावला. तिकडे बाळ रडतंय, इकडे हे हसतायत. झु.ला परत यायचंय, गाड्या नाहीत. रमजान तोंडावर आला. म्हणाले, "चाळीस वर्षांत इफ्तार एकट्यानं केला न्हाय. कुवेतला पण रूमवर आठ जण असायचो."

११ मे
झु. आली. पेणपर्यंत भाजीच्या टेंपोत, पुढे कुणाच्या तरी मोटरसायकलवर. दुपारचा एक. तोंड लाल, ओठ सुकलेले. बंदूक लावली. शंभर पॉइंट चार.
"रोजा हाय, उन्हातून आलेय. सावलीत दहा मिनिटं बसव, मग परत बघ."
मागे नऊ माणसं उभी. पोरंबाळं. सगळे माझ्याकडे बघत होते. आदल्या दिवशी सरपंचांच्या भाच्याला मी याच नियमाने पाठवलं होतं.
आकडा मोठ्याने वाचला. केंद्राची गाडी बोलावली.
गाडीत चढताना, "ह्यांना सांग, आले म्हणून." रडली नाही, भांडली नाही.
सांगितलं. ते ओट्यावर उभे होते. म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न."

१४ मे
इब्राहिमभाई गेले. पहाटे सेहरीला उठले, चहा ठेवला, छातीत कळ आली. त्यांचा पुतण्या हाक मारायला आला. मी पोचले तेव्हा नाडी नव्हती. चहा उतू जाऊन गॅस विझलेला.
केंद्रात फोन केला. रिपोर्ट आल्याशिवाय सोडणार नाहीत. मी म्हटलं, मी स्वतः नर्स आहे, मी जबाबदारी घेते. "मग तर तुम्हाला नियम माहीत असेल, मॅडम."
दुपारी दफन. मोजकी माणसं. कबरस्तानात बायका जात नाहीत, पण घरातून निघताना तोंड तरी तिला...

१५ मे
झु.चा रिपोर्ट निगेटिव्ह. संध्याकाळी आणून सोडली. तिच्या घरी गेले. बायका बसल्या होत्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर नीट केला. मी परत आले.
वेशीवर जाणार नाही असं सरपंचांना कळवलं. कारण विचारलं नाही त्यांनी.

५ जून
परवाच्या वादळात सुपारीची वाडी झोपली. पोफळी एकसारख्या आडव्या, पाच-सहाच उभ्या. आमच्या दोघींमधल्या गडग्यावर तिचा फणस पडलाय. मी इकडून फांद्या तोडते, ती तिकडून. कोयत्याचा आवाज थांबला की कळतं, ती दमली. मग मीही थांबते. 

२४ सप्टेंबर
तिची इद्दत, नवऱ्यामागे घरात बसायचे दिवस, संपली. चार महिने दहा दिवस बायका भेटायला जात होत्या. मी त्या एका दिवसानंतर गेले नाही. मनाशी म्हणत होते, तिला त्रास नको. खरं म्हणजे मला.

२३ मार्च २०२१
लस. टोचल्यावर अर्धा तास बसवतात. नेमकी झु. शेजारच्या खुर्चीत. वीसेक मिनिटं गेली असतील. मग समोर बघतच, "इथं बसवतात हां."
एवढंच.

९ जानेवारी २०२२
महिला मंडळाची हरिहरेश्वरची सहल. माझं नाव दिलेलं पाहून झु.ने तिचं काढलं, असं ऐकलं. मी माझंही काढलं. गाडी दोन सीट रिकाम्या घेऊन गेली.

१२ फेब्रुवारी २०२३
झु.च्या मुलीचा फोन. "मावशी, अम्मी कायमची इकडे येतेय. लाँचवर एकटी घाबरते. तुम्ही याल का बरोबर?"
"तिला विचारलंस?"
"तिनंच सांगितलं तुम्हाला विचार म्हणून."

१५ फेब्रुवारी
गेलो. एस.टी.त ती खिडकीशी, मी बाजूला, पूर्वीसारखं. लाँचवर वारा होता. अर्ध्या वाटेत बोलली.
"तू चूक केलीस असं मी कधी म्हटलं न्हाय, कुसुम. लोकांना पण हेच सांगते, तिनं नियम पाळला. पण ओट्यावर आले की हे दिसतात. मग गडग्यापलीकडे तू दिसतेस."
"म्हणून चाललीस?"
"नात बोलायला लागलीय," म्हणाली.
मी म्हटलं, मला दहा मिनिटं थांबता आलं असतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. इंजिनाचा आवाज मोठा होता. ऐकलं की नाही, कळलं नाही. परत म्हणायचा धीर झाला नाही.
गेटवेला मुलगी, नात. नात आजीच्या मागे लपून माझ्याकडे बघत होती. टॅक्सी आली. ये म्हणाली नाही. येऊ नको असंही नाही.

२ मार्च
दुपारी झु.चा फोन. नातीला खोकला आहे, काय देऊ. आल्याचा रस, मध, सांगितलं. बरं म्हणाली. विषय संपला. मी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.