सोललेली नाणी

प्रिय ठमाबाई,

मावशीच्या हातात माझं पाकीट बघून म्हणशील, आईला या वयात पत्र लिहायची काय हौस आली! हौस नाही गं. फोनवर बोलायचा धीर होत नाही. शेवटपर्यंत वाच, मध्येच उठू नकोस.

बाबांची पितळी नाणी तुला माहीतच आहेत. पहिलं आणलं तेव्हा मी विचारलं, चॉकलेटचं आहे का, तर स्वारी जेवायला बसेना. मागच्या बाजूला चकचकीत स्टिकर, त्याखाली बारीक अक्षरांत छापलेली गुप्त किल्ली. ती ज्याला दिसली, नाण्यातलं क्रिप्टो, म्हणजे ते इंटरनेटवरचं चलन, त्याचं. पण स्टिकर सोलला की संग्राहकांच्या लेखी नाणं मेलं. म्हणून बाबा हातमोजे घालून नुसते बघत बसायचे. तेव्हा हौसेपायी किरकोळीत घेतलेली ती नाणी आता घरादारापेक्षा महाग झाली आहेत. आणि बाबांनी कौतुकाने त्यांचे फोटो संग्राहकांच्या ग्रुपवर टाकलेले.

त्याच ग्रुपमधले बाबांचे मित्र, ज्यांना मी 'सोनेरी फ्रेम' म्हणते, त्यांच्या घरी मागच्या महिन्यात भरदुपारी दोघं पार्सल घेऊन आले. त्यांना खुर्चीला बांधलं आणि नाणी कुठे आहेत ते सांगेपर्यंत त्यांची बोटं मोडली. त्यांची बायको चष्मा दुरुस्तीला घेऊन माझ्या दुकानात आली तेव्हा मला हे कळलं. मी दांडी सरळ केली, काच बदलली, बिजागरीत सुकलेलं रक्त सुईने काढलं. उभा जन्म या कामात गेला, पण त्या दिवशी इवलासा स्क्रू चिमटीत राहीना. ती म्हणाली, हे आता कुणाशीच बोलत नाहीत.

तेव्हापासून घरची बेल वाजली की बाबा रेडिओ बंद करतात आणि भिंतीला चिकटून उभे राहतात. मी त्यांना हसले. म्हटलं, जिवापेक्षा का नाणी मोठी? विका आणि मोकळे व्हा. पण विकायची म्हणजे पुन्हा चार लोकांना सांगायची.

परवा दुकानात एक तरुण आला. नीटनेटका, गोड बोलणारा. डोळे तपासले तर तक्त्याची शेवटची ओळही घडाघडा वाचली. नंबर नाही म्हटलं, तरी फ्रेम घालून बघत राहिला. मग आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेबांकडे अजून आहेत ना नाणी?"  घरात एकही नाही, सगळी कधीच गेली, असं मी ठोकून दिलं. तो हसला, दोन वाक्यं बोलला आणि निघून गेला.

मी शटर ओढून घरी आले. बाबांना तो आला होता एवढंच सांगितलं. ती वाक्यं सांगायला तोंड उघडेना. त्यांनी नाणी टेबलावर मांडली आणि नखाने एकेक स्टिकर सोलला. हातमोजेही घातले नाहीत. आतलं सगळं दुसरीकडे वळवलं, सोललेल्या नाण्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, माझ्याकडे आता नुसतं पितळ उरलंय. मग टॉवेलात तोंड खुपसून रडले. पोलिसांकडेही जाऊन आलो. त्यांनी तक्रार घेतली, काळजी घ्या म्हणाले. बाबांना वाटतं, बला टळली. काल कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

मला मात्र घास उतरत नाही. ती वाक्यं आधीच लिहिली असती तर तू आईचा घाबरटपणा म्हणून पत्र बाजूला टाकलं असतंस. तो म्हणाला, "मग मुलीकडे ठेवली असतील." आणि ठमे, तुझ्या खोलीच्या खिडकीला निळा पडदा आहे, हे मला त्याने सांगितलं. तू पडदा बदललास हे मला माहीतही नव्हतं. तुला संकटात लोटायला मी खोटं बोलले नव्हते गं, घर वाचावं म्हणून बोलले, आणि त्याला तुझं दार दाखवून बसले. ग्रुपवरचा फोटो बघूनही तो आतलं सगळं तुझ्याकडे वळवलं असंच समजेल. बाबांना आज सांगते. तू आता बॅग भरत बसू नकोस. कुणी पार्सल घेऊन आलं तर दार उघडू नकोस. मावशी तुझ्यासमोर बसली आहे, खाली तिची गाडी उभी आहे. तिचा हात धर आणि आत्ता, पायातल्या चपलांवर, नीघ.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई