वर दोन, खाली एक

मंगळवार, १८ मार्च, सकाळ

ती. ताईस,

ढब्बूचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण शेवटपर्यंत वाच. सहा वर्षांनी लिहितोय, एवढी सवलत दे.

मी बरा आहे. कुठून लिहितोय ते पत्त्यावरून कळलंच असेल. बाबांच्या वेळी आलो होतो, त्यानंतर आत्ताच. यात्री निवासात तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. भिंतीला पोपडे, नळाला सकाळचे दोन तास पाणी, खिडकीतून घाटाच्या पायऱ्या दिसतात. शेजारच्या खोलीत बारा माणसांचं कुटुंब उतरलंय. साबण कुणी संपवला यावरून त्यांची रोज जुंपते. मी इकडे दुसऱ्या रिकाम्या खाटेकडे बघत ऐकत बसतो. ते बाहेर गेले की खोली खायला उठते. "एकटेच आलात?" हे इथं सगळे विचारतात, चहावाला, नाववाला, चपला सांभाळणारी बाई. मी हो म्हणतो आणि पुढं चालू लागतो.

नोकरी तीच. नगरपालिकेत जन्म-मृत्यूची नोंद. लोकांच्या नावातला काना-मात्रा चुकला तरी मी अर्ज परत करतो, म्हणून मला मागं 'खडूस' म्हणतात. म्हणोत.

काल उपाध्यायांकडे गेलो. आपल्या घराण्याची वही त्यांच्याकडे असते ना, कुणाचं कार्य करायला इथं आलं की घरातल्या माणसांची नावं आपल्या हातानं लिहायची. त्यांनी लाल कापड सोडलं, पान काढलं. वर बाबांचं अक्षर. आजोबांच्या वेळचं. 'अपत्ये दोन. थोरली मुलगी, धाकटा मुलगा.' शेजारी तुझी सही, आठ वर्षांची असतानाची, ओळ सोडून पार खाली घसरलेली. मला गोवर आला म्हणून मी घरी होतो आणि तू परत आल्यावर महिनाभर त्या सहीचा तोरा मिरवला होतास.

त्याखाली माझं अक्षर. 'अपत्य एक. एकुलता मुलगा.'

उपाध्यायांनी एक बोट वर ठेवलं, एक खाली. म्हणाले, "वर दोन, खाली एक. मुलगी कधी गेली? तारीख सांगा, राहिली असेल तर आत्ता लिहून टाकू."

ताई, मी म्हटलं, "गेली नाही. मीच गाळली."

बाबांच्या खाटेजवळ तू सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "तू यांना वेळेत मोठ्या दवाखान्यात नेलं नाहीस, तू मारलंस." त्या रागात मी इथं येऊन हे लिहिलं. तू खरं बोलली होतीस. म्हणून तर इतकं झोंबलं.

मी त्यांना म्हटलं, आमच्या कचेरीत चूक दुरुस्त करता येते. आडवी रेघ, बाजूला सही. ते म्हणाले, "इथं खोडाखोड नाही. जिवंत माणसानं यावं, आपलं नाव खाली आपण लिहावं."

आता जे लिहायचं दोन पानं टाळलं ते लिहितो. आई गेली. गेल्या गुरुवारी, पहाटे. तीन आठवडे अंथरुणावर होती. रोज विचारायची, "ताईला कळवलंस का रे?" मी म्हणायचो, "कळवलंय, निघतेच आहे." कळवलं नव्हतं. आज कळवू, उद्या कळवू, असं करत राहिलो. तू आलीस की पुन्हा सगळ्यांसमोर बोलशील याची भीती होती. शेवटच्या दिवशी तिनं तुझ्यासाठी उशी मागं सारून जागा केली. तुझ्यावर रुसून नाही गेली ती, वाट बघत गेली. हे तुला माझ्याशिवाय कोण सांगणार?

मला माफ कर असं लिहिलं आणि खोडलं. ते मागायचा हक्क मला नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर मी पुन्हा खोटं बोललो असतो. पत्र आजच्या कुरिअरनं निघेल, उद्या तुझ्या हातात पडेल. आईच्या अस्थी इथं, कोनाड्यात आहेत. उपाध्याय दोनदा रागावले. मी नदीवर गेलो नाही. एकट्यानं एकदा करून झालंय, पुन्हा होणार नाही. दहावा दिवस शनिवारी. शुक्रवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर उभा असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. आईला पोचवायला ये.

तू नाही आलीस, तर शनिवारी मी एकटा नदीवर जाईन. पण वहीत काही लिहिणार नाही. तुझ्याआधी नाही.

तुझाच,
धाकटा