बिनकड्यांची सीट

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी जावयाचा वाकून नमस्कार. (कंबर धरलेली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच नमस्कार समजावा. कंबरेचं कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? आईंचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून मीही लिहितो. तुमची लेक मात्र खरोखरच ठीक आहे. गेले काही दिवस तिचा चेहरा इतका टवटवीत दिसतोय आणि माझ्यावर ती इतकी कमी वैतागतेय की मला जरा काळजीच वाटते.

मी सायकलला लावलेली तुमची चामड्याची हत्यारांची बॅग बघायला तुम्ही रविवारी येताय असं कळलं. आनंद झाला. त्याआधी बॅगेची हकिकत तुमच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच "बरं, मग?" असं विचारता आणि मला पुढचं काही सुचत नाही.

बॅग पार्सलने आली त्या दिवशी मी ती कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसलो होतो. तुम्ही नोकरीभर टेलिफोनच्या तारा जोडत फिरलात ते हिला सीटमागे लटकवून, हे मला ठाऊक आहे. सायकल तुम्ही मेहुण्याला दिलीत आणि त्याने ती आपल्या हॉटेलच्या भिंतीवर टांगून हँडलला कुंड्या अडकवल्या. (मी काही बोलत नाही. बायकोचा भाऊ आहे, शिवाय चहाचे पैसे घेत नाही.) पण बॅग तुम्ही त्याला न देता मला पाठवलीत, आणि वर निरोप दिलात की ती रस्त्यावर असली पाहिजे, तिला भोक पाडायचं नाही, कुठे कापायचं नाही आणि कॅरिअरवर तर मुळीच बांधायची नाही. बाबा, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही माझ्या हातात कधी साधा पाना दिला नव्हता. आमच्या घरचा बल्बसुद्धा तुम्ही येऊन बदलता आणि मला खाली स्टूल धरायला उभं करता. (स्टूलही मी नीट धरत नाही असं तुमचं मत आहे.) त्यामुळे ही बॅग नीट लागली पाहिजे, तुम्ही लावली असतीत तशीच लागली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटलं. पुढचं सगळं रामायण त्या वाटण्यामुळे झालं.

तुमच्या सीटला मागे दोन कड्या होत्या. बॅगेचे दोन पट्टे त्यांतून ओवायचे, तिसरा खालच्या दांड्याला गुंडाळायचा की काम फत्ते. माझ्या सीटला कड्या नाहीत. मी मागून बघितलं, बॅटरी लावून बघितलं, शेवटी जिन्याखाली उताणा पडून खालून बघितलं (कंबर तेव्हा धरली), पण नाहीत म्हणजे नाहीतच. मग मी पट्टे सीटखालच्या दोन सळयांना बांधले. त्याने बॅग लागली खरी, पण इतकी पुढे सरकली की प्रत्येक पायडलला मांड्या तिच्यावर आपटायला लागल्या. ती मागे ढकलली तर चाकाला घासायला लागली, कारण माझे पाय आखूड म्हणून सीट खाली आणि सीट खाली म्हणून बॅग चाकावर. तुमच्या बॅगेला चाकाचा काळा डाग पडला. (डाग पुसला आहे. पुसलेला दिसतो, पण पुसला आहे.)

म्हणून सायकलच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, दवाखानाच तो. पांढऱ्याशुभ्र भिंती, मंद संगीत आणि विक्रेता एवढा हळू बोलणारा की आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटावं. मी म्हटलं, दोन कड्या हव्यात. त्याने बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात सांगितलं की कड्या आता येत नाहीत. इलाज एकच, कड्यांची सीट परदेशातून मागवायची. ती सीट माझ्या दांड्यावर बसणार नाही, तेव्हा दांडा बदलायचा. तो दांडा माझ्या सायकलीत जाणार नाही, तेव्हा सायकल बदलायची. बॅग मात्र हीच राहील, असं त्याने मला धीर देत सांगितलं. काहीच न घेता बाहेर पडायची माझी छाती होईना, म्हणून करवतीनेसुद्धा कापलं जाणार नाही अशी लेखी हमी असलेलं एक भक्कम कुलूप विकत घेतलं. कडी आणायला गेलो आणि कुलूप घेऊन आलो, यावर तुमची लेक दोन दिवस हसत होती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनीअर राहतात. जन्मभर त्यांनी पूल बांधले आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासमोर एकही नदी आलेली नाही. त्यांनी बॅग बघितली आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. आधी आराखडा काढला, त्यात वाऱ्याचा जोर धरला, (का कोण जाणे) भूकंपही धरला. त्यांचं म्हणणं असं की पट्ट्यांवर विसंबणं हाच मुळात अडाणीपणा. सळयांमधून एक लोखंडी पट्टी काढायची, ती बॅगेला खालून वर, झाकणावरून पूर्ण वेढा घालून आणायची आणि टोकं रिबिट ठोकून कायमची बंद करायची. मी भीत भीत विचारलं की स्क्रू नाही का चालणार. ते म्हणाले, स्क्रू ढिला होतो, पूल पडतो. आता बाबा, मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासणारा माणूस. लोकांचे अपघात त्यांच्याच निष्काळजीपणामुळे झाले असं लिहून मी पोट भरतो. 'पडतो' हा शब्द ऐकला की माझी मान आपोआप डोलते.

सावधगिरी म्हणून मी सायकल नव्या कुलपाने जिन्याच्या कठड्याला जखडली, म्हणजे काम करताना हलायला नको. सावधगिरी म्हणून इंजिनीअरांनी सांगितलं की बॅगेत वजन असल्याशिवाय ती बसली की नाही हे कळत नाही. मग मी घरातला पाना, पंप, स्क्रू ड्रायव्हर, पंक्चरचं सामान आणि खिशात होतं नव्हतं ते सगळं बॅगेत टाकलं. त्यांनी रिबिट मारलं. बॅग अशी बसली म्हणून सांगू, मांड्यांपासून लांब आणि चाकापासून चांगली चार बोटं वर. हलवली तर जिना हलेल, पण बॅग हलणार नाही. मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायला निघालो, खिशात हात घातला आणि लक्षात आलं की कुलपाची किल्ली खिशात नाही. ती बॅगेत आहे. दुसरी किल्ली त्याच कडीत आहे, कारण दुकानातून आल्या तशा दोन्ही एकत्रच होत्या आणि मी त्या वेगळ्या करणार होतो.

तेव्हापासून पायीच ऑफिसला जातो. कुलूप कापलं जात नाही, त्याची हमी आहे. कठडा कापायचा विषय काढला तर इमारतीच्या सेक्रेटरीणबाईंनी मला जिन्यातच आडव्या हाताने घेतलं. राहिली पट्टी. ती कापली तर करवत खालच्या चामड्याला लागणार, असं इंजिनीअर म्हणाले आणि मुलीकडे राहायला निघून गेले. मी रोज संध्याकाळी आल्याबरोबर धंद्याच्या सवयीने सायकलची पाहणी करतो. सीट दोन बोटं खाली आली आहे, ती बॅगेच्या वजनाने असावी. चाकांना ओला चिखल लागतो, तेव्हा जिन्याखाली कुठेतरी पाणी पाझरत असलं पाहिजे. (सेक्रेटरीणबाईंना लेखी कळवलं आहे.) एकदा तर सायकलीचं तोंड उलट्या दिशेला होतं, त्याचा खुलासा अजून मिळालेला नाही. परवा ऑफिसात एका गृहस्थांचा दावा आला. त्यांनी गाडीची किल्ली आत ठेवून दार लावून घेतलं होतं आणि मग काच फोडली होती. मी नेहमीप्रमाणे 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला. थोड्या वेळाने ती फाइल परत मागवली आणि जेवणाच्या सुट्टीत नुसता तिच्याकडे बघत बसलो.

असो. बाकी बॅग उत्तम आहे. आईंना नमस्कार सांगावा, गुडघ्यांना जपावं आणि चुकलं असेल ते पोटात घालावं.

तुमचा,
स्टूल धरणारा जावई

ता. क. – गुडघे दुखत असतील तर रविवारीच यायला हवं असं काही नाही. पुढच्या महिन्यात हवा छान असते.

ता. क. दुसरा – यायचंच असेल तर तुमची ती बारीक दातांची करवत आणा आणि पट्टी तुम्हीच कापा. मी तीनदा दुसऱ्याची करवत मागून आणली आणि तीनदा परत केली. चामड्यावर ओरखडा यायचाच असेल तर तो तुमच्या हातून येऊ दे. माझ्या हातून आला तर तुम्ही काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही. स्टूल मी धरीन.

ता. क. तिसरा, अक्षर माझं – बाबा, पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. करवत आणू नका. पट्टी झाकणाच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंना फट आहे. यांचा हात अंगठ्याशी अडकतो, माझा सरळ आत जातो. किल्ल्या मी त्याच दिवशी दुपारी काढल्या. संध्याकाळी सांगणारच होते, पण म्हटलं आधी एक चक्कर मारून बघू. आता हे ऑफिसला गेले की रोज जाते, पार नदीपर्यंत. चिखल तिथलाच. सीट मला उंच होत होती म्हणून खाली घेतली, पाना बॅगेतच होता. तुमच्या सायकलवर तुम्ही मलाच शिकवलं होतं, दादाला नाही आणि यांना तर नाहीच, पण बॅग पाठवताना तुम्हाला जावई आठवला. असू दे. बॅग उतारावरसुद्धा जराही हलत नाही, हे यांना तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, फार बरं वाटेल त्यांना. रविवारी जरूर या. सायकल मात्र जिन्याखाली दिसणार नाही, मी जेवायच्या वेळेपर्यंत येईन. तोवर तुम्ही दोघं चहा करून घ्या.